गोठ्यावर चीज करायचं, पाहुणेही बोलवायचे: आधी दुसऱ्यांच्या डेअऱ्या कोणाच्या आहेत ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्नर तालुक्यात २५ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन जातीच्या) गायी, दोन्ही वेळचं मिळून दोनशे-सव्वादोनशे लिटर दूध. मुलगी डेअरी टेक्नॉलॉजी करून घरी आली आहे. सगळं दूध डेअरीला घालण्यापेक्षा थोडं चीज करावं, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी गोठा बघायला यावीत, असा विचार आहे. त्याआधी कुठल्या डेअऱ्या आणि चीजवाले बघून यावेत, ते कोणाच्या मालकीचे आहेत, आणि लोक तिथे कशासाठी जातात?

ताई, मालकीचं तुम्ही बहुतेक जाता जाता विचारलंय, पण माझ्या मते सगळं तिथेच अडतं. मी आधी सहकारी संघात, मग खाजगी डेअरीत काम केलं, आणि आता लहान युनिटं उभी करून देतो. डेअरीचा मालक कोण यावर तिचं दार कोणासाठी उघडतं हे ठरतं. काचेपलीकडे काय दाखवायचं आणि काय नाही, हेही त्यावरच ठरतं.

तुमच्या सर्वांत जवळचं ठिकाण म्हणजे मंचर. पराग मिल्क फूड्स ही कंपनी देवेंद्र शहांनी १९९२ मध्ये सुरू केली, २०१६ मध्ये शेअर बाजारात आणली. 'गोवर्धन' तूप आणि 'गो' चीज त्यांचंच. त्यांचा भाग्यलक्ष्मी डेअरी फार्म जरूर बघा. एचएफ गायी हजारांच्या हिशेबात, आणि दूध काढायला फिरतं चक्र. गाय आपणहून चक्रावर चढते, एका फेरीत ५० गायींचं दूध निघतं, फेरी संपली की गाय मागे सरकत उतरून चालू लागते. दुधाला हात कुठेच लागत नाही. आमच्यासारख्या धंद्यातल्या माणसालाही तिथून पाय काढवत नाही, मग लहान मुलांचं तर विचारूच नका.

पण तिथे उभं राहून एक गोष्ट ध्यानात घ्या. या गायींचं दूध 'प्राइड ऑफ काऊज' नावाने बाटलीतून थेट शहरातल्या घरी जातं. त्याच कंपनीच्या चीजसाठी लागणारं दूध मात्र मुख्यतः गावोगावच्या संकलनातून येतं, म्हणजे तुमच्या-माझ्या शेजाऱ्यांच्या गोठ्यांतून. पाहुणा गाय एक बघतो आणि पिझ्झावरचं चीज खातो ते दुसरीच्या दुधाचं. यात फसवणूक काही नाही, एवढा मोठा धंदा एका गोठ्यावर चालणारच नाही. तुमच्याकडे मात्र गाय आणि चीज यांच्यामध्ये शंभर पावलांचं अंतर असणार आहे. मोठ्या कंपनीला हे पैसे टाकूनही करता येत नाही. तुमचं भांडवल तेच आहे.

सहकारी संघांची तऱ्हा वेगळी. कोल्हापूरचा गोकुळ १९६३ चा. मालक कोण, तर गावच्या दूध संस्था, आणि त्या संस्थांचे सभासद असलेले उत्पादक. मत संस्थेच्या ठरावधारकाचं, म्हणजे तिने ठराव करून नेमलेल्या प्रतिनिधीचं असतं, आणि ते किती मोलाचं असतं हे संघाच्या २०२१ च्या निवडणुकीत अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांनी उभं केलेलं काम, पुण्याचा कात्रज, सगळ्यांची घडण साधारण अशीच. इथे पाहुणा म्हणून जो जातो तो स्वतः शेतकरी असतो. अभ्यास सहलीला येतो, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) कसा करतात, वासरं कशी वाढवतात ते विचारतो, जेवण करून परत जातो. दिवाळीला दर फरकाचं बिल, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची जादा रक्कम, किती निघालं यावर संघाची किंमत ठरते. शहरातल्या माणसाला फोटो काढायला जागा आहे की नाही, याची संघाला फिकीर नाही, आणि ते बरोबरच आहे. अपवाद आणंदचा. १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने नोंदलेला खेडा जिल्ह्याचा संघ, म्हणजे अमूल, हे आता जवळजवळ तीर्थक्षेत्रच झालं आहे. लेकीला एकदा तिथे न्याच. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं परदेशी जाणकार म्हणत असताना अमूलचे तंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली, ते याच जागी.

भिलवडीचे चितळे हे घराण्याच्या मालकीचं उदाहरण. १९३९ मध्ये भास्कर गणेश चितळ्यांनी कृष्णाकाठी दुधाचा धंदा सुरू केला. पुण्यातलं मिठाईचं दुकान नंतरचं, १९५० चं. इथे मला एकच सांगायचंय: नाव घराण्याचं असलं की गिऱ्हाईक माल नासला तर थेट त्या आडनावाला जाब विचारतं. तुमच्या चीजवरही घरचंच नाव लावा.

मालकी बदलते म्हणजे काय होतं, हे बघायचं असेल तर श्रीरामपूर. प्रभात डेअरी तिथल्या निर्मळांनी वाढवली, २०१५ मध्ये बाजारात आणली, आणि २०१९ मध्ये तिचा दुधाचा धंदा सुमारे १,७०० कोटींना लॅक्टॅलिस या फ्रेंच कंपनीकडे गेला. लॅक्टॅलिस स्वतः शेअर बाजारात नाही. फ्रान्समधल्या लावाल गावच्या एका कुटुंबाची ती १९३३ पासूनची कंपनी. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या संकलन केंद्रावर दुधाचं फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून बाकीचे घन घटक) मोजलं जातं, आणि नफ्याचा हिशेब लावालला होतो. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या दराचा विचार केला तर मालक देशी की परदेशी याने फारसा फरक पडत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. फरक पडतो तो गावात तीन डेअऱ्या दूध मागतात की एकच, याने.

सरकारी मालकीचं सांगण्यासारखं एकच, मुंबईतलं आरे. १९४९ मध्ये वसवलेली, तेव्हाचे दूध आयुक्त दारा खुरोडींच्या डोक्यातून निघालेली वसाहत. जमीन आणि तबेले सरकारचे, म्हशी परवानाधारकांच्या. एके काळी शाळांच्या सहली तिथे बाटल्या भरताना बघायला जायच्या. आता लोक तिथल्या छोटा काश्मीर या बागेत जातात, आणि शेजारी म्हशी आहेत हे बऱ्याच जणांना तिथून परतल्यावर कळतं. आणि महानंद, राज्यातल्या संघांचा तो महासंघ, २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या हाती द्यावा लागला. असो.

बघण्याजोगी सगळ्यात खरी जागा विचाराल तर मी कोल्हापूरचा दूध कट्टा सांगेन. गंगावेशीत रात्री म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात, फेसाळलेला पेला हातात देतात. ना काच, ना तिकीट, ना गाईड. म्हशीचा मालक स्वतः धार काढतो, आणि त्याच्याशी बोलायला लोक रोज येतात. दिवाळी पाडव्याला याच म्हशी शिंगं रंगवून, मोरपिसं लावून रस्त्यावर उतरतात. गिऱ्हाइकाला नेमकं काय ओढून आणतं हे त्यात सगळं आहे. मात्र त्यातली कच्च्या दुधाची बाजू उचलू नका. ब्रुसेला आणि टीबीचे जंतू कच्च्या दुधातून येतात. त्या कट्ट्याची परंपरा आहे, तुमच्यावर मात्र परवान्याची जबाबदारी असेल. तुमच्याकडे कोणी 'धारोष्ण द्या' म्हणालं तर तापवलेलंच द्यायचं.

आता चीजवाले. आपल्याकडे लहान प्रमाणावर चीज करणं अगदी नवं नाही. पुण्यात मुंढव्याकडचं एबीसी फार्म्स कित्येक वर्षं नाना तऱ्हेचं चीज करत आलं आहे, आणि त्याच आवारात चीजवर बेतलेलं हॉटेल चालवून लोकांना तिथे बसायची सवय त्यांनी लावली. मुंबईची एलेफ्थेरिया ही मौसम नारंग यांची. त्यांच्या ब्रुनोस्टला २०२१ च्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्यपदक मिळालं. ब्रुनोस्ट मूळचं नॉर्वेचं, चीजमधून निघालेलं पाणी साय घालून तासन्‌तास आटवून केलेलं. चव आपल्या खव्याला जवळची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

परदेशातलंही तुमच्या परिचितांपैकी कोणी पाहिलंच असेल. पुण्याहून निघणाऱ्या युरोप सहली हॉलंडमध्ये झान्सं स्खान्सला थांबतात. तिथलं चीजचं कौलारू घर हेन्री विलिग या चीज कंपनीचं आहे. दोन मिनिटांचं प्रात्यक्षिक, मग चाखायला तुकडे, मग गल्ला. स्वित्झर्लंडमध्ये ग्रुयेरच्या पायथ्याला प्रांजी गावात मात्र काचेखाली खरंखुरं उत्पादन चालतं. साधारण ४०० लिटर दुधातून ३५ किलोचं एक चाक. तिकडच्या बऱ्याच खेड्यांत चीजची इमारत गावच्या शेतकऱ्यांच्या संस्थेची असते, आणि चीज करणारा कारागीर त्यांच्याकडून दूध विकत घेतो. दूध एकाचं, हात दुसऱ्याचा, आणि नाव गावाचं. तुमच्या वस्तीवर अजून चार गोठे असतील तर दहा वर्षांनी असं काही होऊ शकतं. आज नको.

आज काय करायचं, ते आकड्यांनी सांगतो. साडेतीन फॅटच्या गायीच्या १० लिटर दुधातून साधारण १ किलो चीज मिळतं. दूध ३२ रुपये धरलं तर किलोला ३२० रुपये दुधाचेच झाले. त्यावर कल्चर (विरजणासारखे जिवाणू), रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य), गॅस, वीज, मजुरी, पॅकिंग. पिझ्झावाल्याला ब्लॉक मोझरेला चारशे-साडेचारशेच्या आसपास पडतं. मग मोठ्या कंपनीला हे परवडतं कसं? उरलेल्या नऊ लिटर पाण्यामुळे. त्या पाण्याला व्हे म्हणतात. त्यातलं प्रोटीन गाळून, सुकवून जिमवाल्यांना डब्यातून विकतात. मंचरच्या कंपनीचा 'अवतार' हा ब्रँड त्याचाच. तुमच्याकडे ते यंत्र नाही, कधी येणारही नाही. म्हणून मोझरेला करून हॉटेलला विकायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. त्या दरात तुम्ही मंचरशीच काय, कोणाशीच लढू शकणार नाही.

फाटकावर विकायचं. आलेल्या माणसाला, स्वतःच्या दरात. बनावट पनीरच्या बातम्या वाचून शहरातला माणूस धास्तावला आहे. त्याला स्वस्त नकोय, समोर झालेलं हवंय.

सुरुवातीला शुक्रवार-शनिवारचं पन्नास-पन्नास लिटर दूधच चीजला लावा. बाकीचं डेअरीला चालू ठेवा, खातं बंद करू नका. २०२४ मध्ये गायीच्या दुधाचा दर पडला तेव्हा सरकारचं अनुदान, आधी लिटरला ५ आणि मग ७ रुपये, ज्यांचं दूध डेअरीला जात होतं त्यांनाच मिळालं. शिवाय पाहुण्यांचा हंगाम आणि दुधाचा हंगाम एक नसतो. तुमच्याकडे गर्दी पावसाळ्यात, माळशेज आणि नाणेघाटाची. लेण्याद्री-ओझरला येणारे अष्टविनायकवाले वर्षभर. दूध भरपूर असतं ते थंडीत. जुन्नरला २०१८ मध्ये विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे, रस्त्यावरून लोक जातच आहेत. त्यांना आत वळवायचं एवढंच तुमचं काम.

काय करून विकायचं? मुलगी शिकलेली आहे, तिला पहिल्या दिवसापासून गौडा-चेडारसारखं मुरवायचं चीज करावंसं वाटेल. करू द्या, पण थोडं. गौडाला निदान दोन महिने १२-१५ अंश तापमानाची आणि ८०-८५ टक्के दमटपणाची खोली लागते. तुमच्याकडे भारनियमन आहे, आणि तेवढे दिवस पैसा फळीवर अडकून पडतो. लहान चाक मोठ्यापेक्षा लवकर सुकतं, वजन घटतं, तेही तुमच्याच खिशातून. पाहुण्यांसाठी ताजं मोझरेला, मिरी-लसणाचं मऊ चीज आणि पनीर पुरेसं आहे. दोन-तीन म्हशी ठेवल्या तर अजून चांगलं. सहा-सात फॅटच्या दुधातून उतारा जास्त पडतो, आणि मूळ इटलीतही नावाजलेलं मोझरेला म्हशीचंच आहे.

पाहुण्यांना दाखवायचं ते मोझरेला ओढणं. यातलं वेळेचं गणित नीट समजून घ्या, नाहीतर लोक बसून राहतील आणि दही तयार नसेल. दूध ६३ अंशांवर अर्धा तास धरायचं, ३६-३७ पर्यंत थंड करायचं, कल्चर घालायचं, मग रेनेट. आपल्याकडे वापरतात ते सूक्ष्मजीवांपासूनचं, शाकाहारी. येणाऱ्यांतले निम्मे ते विचारणारच, तेव्हा बाटली दाखवायला ठेवा. दही बसलं की कापायचं, हलवायचं, पाणी काढायचं, आणि मग पीएच (आंबटपणाचं माप) ५.२-५.३ वर येण्याची वाट बघायची. कल्चर टाकल्यापासून चार-पाच तास जातात. म्हणजे साडेअकराला ओढायचं तर सकाळी साडेसहाला कल्चर पडलं पाहिजे. तयार झालं की नाही हे मीटरपेक्षा हाताला आधी कळतं. सुपारीएवढा तुकडा ८० अंशांच्या पाण्यात मिनिटभर धरा आणि दोन बोटांनी ओढा. तुटला, चुरा झाला, तर अजून अर्धा तास. लांब, गुळगुळीत तार आली आणि तिच्यावर चकाकी दिसली की लगेच सगळं गरम पाण्यात घ्या. या क्षणी मुलांच्या हातात हातमोजे घालून एकेक गोळा द्या. मंचरच्या फिरत्या चक्रापुढे मूल बघत उभं राहतं, इथे त्याचे हात कामाला लागतात. कल्चरचा नेम चुकण्याची भीती वाटत असेल तर सुरुवातीचे महिने सायट्रिक ॲसिडने करा, तासाभरात होतं. चव थोडी सपक लागते, पण पाहुणा ताटकळत नाही.

मग जेवण, झाडाखाली थोडी झोप, साडेचारला धार. संध्याकाळी मात्र सगळ्यांना दिवेलागणीच्या आत गाडीत बसवा. जुन्नरचा ऊस आणि बिबट्या यांबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. शहरातल्या माणसाला ते सांगावं लागतं, आणि तो हसण्यावारी नेतो.

दोन गोष्टींत हयगय चालणार नाही. पहिली, ॲन्टिबायोटिक. स्तनदाहासाठी सडात ॲन्टिबायोटिकची ट्यूब दिलेल्या गायीचं दूध ठरलेल्या दिवसांच्या आत टाकीत आलं तर कल्चर चालतच नाही, दूध नुसतं बसून राहतं. डेअरीला घालताना कदाचित खपून गेलं असेल, चीजच्या टाकीत लगेच उघडं पडतं. दोष लेकीच्या शिक्षणाला लागतो, आणि कारण गोठ्यात असतं. ट्यूब दिलेल्या गायीच्या पायाला लाल पट्टी बांधा आणि धार काढणाऱ्या गड्याला पट्टीचा अर्थ पढवून ठेवा. दुसरी, रोग. २०२२ मध्ये लंपीने काय केलं ते आपण सगळ्यांनी सोसलं. लाळ्या-खुरकुत तर बुटावरून येतो. गोठ्याच्या तोंडाशी ४ टक्के धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचं ताट ठेवा, त्यातून पाय बुडवूनच आत. गव्हाणीपर्यंत कोणी जाणार नाही. कुरवाळायला दोन शांत कालवडी वेगळ्या बांधा. पाहुणा गोठ्यातून चीजच्या खोलीत कधीही जाणार नाही, आधी चीज आणि मग गोठा, हाच क्रम.

व्हेचं काय करायचं ते आधी ठरवा, मग टाकी विकत घ्या. १०० लिटर दुधाचं ९० लिटर पाणी पडणार. घरच्या सांडपाण्यापेक्षा त्याचा दूषितपणा शंभरपट भरतो. ओढ्यात सोडलंत तर खालच्या वस्तीशी भांडण कायमचं. थोडं ताजं असतानाच गुरांना पाजता येतं, सवय लावत लावत. थोडं ८५-९० अंशांवर तापवून, आंबट घालून रिकोटा, म्हणजे व्हेचंच मऊ चीज होतं. आणि राहिलेलं आटवा. ब्रुनोस्ट त्यासाठीच सांगितलं होतं. खवा घोटायची सवय असलेली बाई घरात असेल तर तिला ते शिकवायला एक दुपार पुरे. टिकतंही ताज्या चीजपेक्षा जास्त.

कागदपत्रांत अन्नसुरक्षेची नोंदणी सुरुवातीलाच, उलाढाल वाढली की राज्याचा परवाना. कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे, २०२० च्या धोरणाखाली. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत कर्जाला जोडून ३५ टक्के, कमाल १० लाखांचं अनुदान होतं. तालुका कृषी कार्यालयात आज ती कुठवर आली आहे ते विचारा. चीजवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे, तो हिशेबात धरा.

आणि मालकी, तुमची स्वतःची. सातबारा सामाईक असेल आणि दीरांचं नाव त्यावर असेल, तर शेड उभी राहण्याआधी संमती लेखी घ्या, नोटरी करून. गोठा तुमच्या नावाने, चीजचं युनिट लेकीच्या नावाने, आणि युनिटने गोठ्याकडून दूध डेअरीच्या दरापेक्षा दोन-तीन रुपये जास्त देऊन रोखीने विकत घ्यायचं, दर दहा दिवसांनी बिल. घरातल्या घरात हे विचित्र वाटतं. पण त्याशिवाय पैसे चीज मिळवतंय की दूध, हे कधीच कळणार नाही. आणि उद्या लेक लग्न होऊन नाशिकला गेली तर युनिट कोणाचं, याचा वाद उरणार नाही.